पोकरमधील समचयगणना

पोकरच्या डावात डोळ्यांसमोर नसलेले पत्ते किती वेगवेगळ्या प्रकारे वाटले गेले असतील हे मोजणे, त्यावरून संभाव्यता काढणे आणि तिच्या आधारे पैज वाढवावी, जुळवावी की डाव सोडावा हे ठरवणे, या पद्धतीला समचयगणना म्हणतात. खेळाडूंच्या बोलीत एका विशिष्ट समचयाला, म्हणजे पत्त्यांच्या एका निवडीला, ‘कॉम्बो’ म्हणतात. ५२ पत्त्यांतून दोन पत्ते १,३२६ प्रकारे निवडता येतात. टेक्सास होल्डेम या प्रकारात प्रत्येक खेळाडूच्या हातात सुरुवातीला येऊ शकणाऱ्या दोन पत्त्यांच्या हातांची ही पूर्ण संख्या आहे. रंगांची (इस्पिक, बदाम, चौकट, किलवर) नावे बाजूला ठेवून केवळ पत्त्यांची किंमत आणि रंग एकच आहे की भिन्न एवढेच पाहिले, तर या १,३२६ समचयांचे १६९ वर्ग होतात : समान किंमतीच्या जोडीचे १३, एकाच रंगाचे ७८ आणि भिन्न रंगांचे ७८. हे वर्ग मात्र सारख्या वजनाचे नाहीत. कोणत्याही जोडीचे ६, एकरंगी हाताचे ४ आणि भिन्नरंगी हाताचे १२ समचय असतात. पुढील सर्व गणित या तीन संख्यांवर उभे आहे, आणि ‘त्याच्याकडे एक तर एक्क्यांची जोडी असेल, नाही तर एक्का-राजा’ असे म्हणून दोन्ही शक्यता निम्म्या-निम्म्या धरणारा खेळाडू नेमका इथेच चुकतो. कारण पहिली शक्यता ६ समचयांची, तर दुसरी १६ समचयांची आहे.

हातांचा मानक्रम दुर्मीळपणावर ठरतो असे सरसकट सांगितले जाते. ते पाच पत्त्यांपुरते खरे आहे. ५२ पत्त्यांतून पाच पत्त्यांचे २५,९८,९६० समचय होतात. त्यांत रॉयल फ्लश (एक्क्यापासून दश्शीपर्यंतचे एकरंगी पत्ते) ४, इतर स्ट्रेट फ्लश (सलग आणि एकरंगी) ३६, चार समान पत्ते ६२४, फुल हाउस (तीन समान आणि एक जोडी) ३,७४४, फ्लश (पाचही एकाच रंगाचे) ५,१०८, स्ट्रेट (पाच सलग पत्ते) १०,२००, तीन समान ५४,९१२, दोन जोड्या १,२३,५५२, एक जोडी १०,९८,२४० आणि काहीच न जमलेले १३,०२,५४० हात असतात. होल्डेममध्ये मात्र हातातले दोन आणि टेबलावर सर्वांसाठी उघडलेले पाच अशा सात पत्त्यांतून उत्तम पाच निवडले जातात. सात पत्त्यांच्या १३,३७,८४,५६० समचयांपैकी एका जोडीवर थांबणारे ५,८६,२७,८००, दोन जोड्यांचे ३,१४,३३,४०० आणि काहीच न जमलेले फक्त २,३२,९४,४६० आहेत. म्हणजे सर्वांत हलका समजला जाणारा हात येथे एका जोडीपेक्षाच नव्हे, तर दोन जोड्यांपेक्षाही विरळ ठरतो, तरी मानक्रम जुनाच चालतो. तीन पत्त्यांच्या खेळांत क्रम आणखी वेगळा लागतो : २२,१०० समचयांत साधा स्ट्रेट ७२० वेळा आणि फ्लश १,०९६ वेळा येत असल्याने तेथे स्ट्रेट वरचढ मानणे गणिताला धरून आहे. मात्र त्यांपैकी काही खेळांत तीन समान पत्ते (५२) एकरंगी स्ट्रेटच्या (४८) वर ठेवण्याची प्रथा गणिताशी जुळत नाही.

मानक्रम आणि दुर्मीळपणा यांची ही फारकत कोठून आली हा प्रश्न पोकरच्या उगमाच्या वादाशी जोडलेला आहे. हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्स आणि मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात रूढ झाला असावा, याबद्दल सर्वसाधारण एकमत आहे. ज्यो कॉवेल या इंग्रज नटाने १८४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत १८२९ च्या सुमारास आगबोटीवर चाललेल्या पोकरचा उल्लेख येतो. त्यामागची परंपरा मात्र विवाद्य आहे. इराणमधील आस-नास या खेळातून पोकर निघाला हे मत विसाव्या शतकात बराच काळ प्रचलित होते. आस-नास आणि सुरुवातीचा पोकर या दोन्हींत पाच किंमतींचे पत्ते आणि पाच पत्त्यांचा हात हे त्याचे मुख्य आधार. परंतु आस-नासच्या नियमांची ज्ञात वर्णने पोकर अमेरिकेत रुळल्यानंतरची आहेत, त्यामुळे केवळ साम्यावरून वंशसंबंध सिद्ध होत नाही. जर्मन ‘पोखश्पील’ आणि फ्रेंच ‘पोक’ या खेळांचा वारसा फ्रेंच भाषकांच्या न्यू ऑर्लीन्समध्ये पोहोचला आणि त्यावर ‘ब्रॅग’ या इंग्रजी खेळाचा संस्कार झाला, ही उपपत्ती भूगोल आणि कालक्रम या दोन्ही दृष्टींनी अधिक सयुक्तिक वाटते.

प्रारंभीचा पोकर एक्का, राजा, राणी, गुलाम आणि दश्शी अशा २० पत्त्यांनी खेळला जाई. या २० पत्त्यांचे समचय मोजले तर एक लक्षणीय गोष्ट दिसते. एकूण १५,५०४ हातांपैकी चार समान पत्त्यांचे ८०, फुल हाउसचे ४८०, तीन समान पत्त्यांचे १,९२०, दोन जोड्यांचे ४,३२० आणि एका जोडीचे ७,६८० हात होतात; एकही जोडी नसलेले हात केवळ १,०२४ असतात, म्हणजे तीन समान पत्त्यांपेक्षाही कमी. पाचच किंमती असल्याने जोडी नसलेला प्रत्येक हात एक्क्यापासून दश्शीपर्यंतचा सलग क्रमच असतो, पण स्ट्रेटला त्या काळी मान नव्हता. तेव्हा जुना मानक्रम दुर्मीळपणा मोजून नव्हे, तर समान पत्ते जमवण्याच्या कल्पनेतून बनला असावा. ५२ पत्त्यांचा जोड १८३० ते १८५० या दरम्यान केव्हातरी रूढ झाला, फ्लश आणि स्ट्रेट टप्प्याटप्प्याने मान्य झाले, आणि त्यानंतरच मानक्रम व गणित एकमेकांशी जुळले.

पैजेच्या खेळांचे गणित पोकरपेक्षा जुने आहे. जेरोलामो कार्दानो यांनी सोळाव्या शतकात फासे व पत्ते यांतील शक्यतांची मोजणी केली. त्यांचा ग्रंथ मात्र १६६३ मध्ये, मृत्यूनंतर बऱ्याच काळाने छापला गेला. ब्लेझ पास्काल आणि प्येअर द फर्मा यांच्या १६५४ मधील पत्रव्यवहारापासून संभाव्यतेचा शास्त्रशुद्ध विचार सुरू झाला असे मानतात. पोकरमध्ये प्रतिस्पर्धीही विचार करत असतो, ही अडचण एमील बोरेल यांनी १९२० नंतरच्या लेखनात हाताळली. जॉन फॉन नॉयमान यांनी १९२८ मध्ये दोन खेळाडूंच्या शून्य-बेरजेच्या (एकाचा फायदा तोच दुसऱ्याचा तोटा अशा) खेळांचा मूलभूत सिद्धांत मांडला आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासह लिहिलेल्या १९४४ च्या ग्रंथात पोकरचे एक सरल प्रतिमान सोडवले. त्यात सर्वोत्तम हातांबरोबर सर्वांत वाईट हातांवरही पैज लावणे आणि मधल्या हातांवर गप्प राहणे योग्य ठरते; ब्लफ, म्हणजे हलक्या हातावर पैज लावून हूल देणे, हा स्वभावाचा भाग नसून गणिताची गरज आहे, हे यामुळे प्रथम नेमकेपणाने दिसले. हॅरल्ड कून यांनी १९५० मध्ये तीन पत्ते आणि दोन खेळाडू एवढ्यावर बेतलेला पोकर पूर्ण सोडवला. वाटणीच्या केवळ सहा शक्यता असलेल्या या खेळातही पहिल्या खेळाडूने सर्वांत हलक्या पत्त्यावर ब्लफ करायचा, तर सर्वांत भारी पत्त्यावरील पैजेच्या एकतृतीयांश वारंवारतेनेच करायचा असतो. दोघेही अचूक खेळले तर पहिल्याला दर डावामागे सरासरी १/१८ एकक तोटा होतो.

प्रत्यक्ष खेळात मोजणीचे पहिले रूप म्हणजे ‘आउट्स’, अर्थात आपला हात जमवून देणारे शिल्लक पत्ते. फ्लॉपनंतर, म्हणजे टेबलावरचे पहिले तीन पत्ते उघडल्यावर, फ्लशला एक पत्ता कमी असेल, तर न पाहिलेल्या ४७ पत्त्यांत ९ आउट्स असतात. पुढच्या एका पत्त्यावर फ्लश होण्याची संभाव्यता सुमारे १९.१% आणि उरलेल्या दोन्ही पत्त्यांत मिळून सुमारे ३५% असते. आउट्सना दोन पत्ते येणे असताना ४ ने व एक येणे असताना २ ने गुणण्याचा नियम सर्वत्र वापरला जातो. तो थोड्या आउट्सना चांगला लागू पडतो, पण १५ आउट्सना ६०% सांगतो, तर खरी संख्या ५४.१% आहे. हातात जोडी असताना फ्लॉपवर तिसरा समान पत्ता वा त्याहून अधिक काही मिळण्याची संभाव्यता ११.८% आहे. पॉटमध्ये, म्हणजे डावात जमलेल्या रकमेत, १०० चिप्स असताना प्रतिस्पर्ध्याने ५० लावल्या, तर आपल्याला ५० घालून एकूण २०० ची आशा असते, म्हणून कॉल, अर्थात पैज जुळवणे, फायद्याचा ठरण्यासाठी जिंकण्याची संभाव्यता किमान २५% हवी. पॉटएवढीच पैज असेल तर ही मर्यादा ३३.३% होते.

समचयगणनेची खरी ताकद प्रतिस्पर्ध्याची ‘रेंज’, म्हणजे त्याच्याकडे असू शकणाऱ्या सर्व हातांचा संच, मोजताना दिसते. समजा, टेबलावर इस्पिकचा राजा, इस्पिकची नव्वी, चौकटची तिर्री, किलवरची सत्ती आणि बदामची दुर्री आहे. आपल्याकडे बदामचा एक्का व बदामचा राजा आहे, आणि प्रतिस्पर्ध्याने शेवटच्या फेरीत १०० च्या पॉटवर ५० लावल्या आहेत. या पत्त्यांवर स्ट्रेट वा फ्लश शक्य नाही. तो नव्वी, सत्ती, तिर्री किंवा दुर्रीचे तीन समान पत्ते आणि एकरंगी राजा-नव्वी यांवर खरी पैज लावील, आणि एक्का, राणी, गुलाम, दश्शी यांपैकी इस्पिकचे कोणतेही दोन घेऊन हुकलेल्या फ्लशवर ब्लफ करील असे धरू. प्रत्येक किंमतीचा एक पत्ता टेबलावर असल्याने तीन समान पत्त्यांचे प्रत्येकी ३ म्हणजे एकूण १२ समचय होतात. राजा-नव्वीचे चौकट व किलवर एवढे दोनच उरतात. ब्लफचे समचय ६. जिंकण्याची संभाव्यता ६/२०, म्हणजे ३०%, कॉल करावा. आता बदामच्या एक्क्याऐवजी आपल्याकडे इस्पिकचा एक्का आहे असे समजा. आपली राजांची जोडी तीच, सोबतचा पत्ताही त्याच किंमतीचा, परंतु ब्लफच्या सहापैकी तीन समचयांना तो एक्का लागत होता. ते आता अशक्य झाले. संभाव्यता ३/१७ म्हणजे जेमतेम १७.६% उरते आणि डाव सोडणे योग्य ठरते. प्रतिस्पर्ध्याचे समचय असे अडवून धरणाऱ्या पत्त्याला ‘ब्लॉकर’ म्हणतात. तो नेहमी धारकाच्या बाजूनेच असतो असा समज आहे, पण वरील उदाहरणात उलट दिसते : कॉल करताना ब्लफ अडवणारा पत्ता नुकसानीचा असतो. पैज लावणाऱ्याच्या बाजूनेही हीच मोजणी चालते. अर्ध्या पॉटच्या पैजेवर तीन खऱ्या हातांमागे एक ब्लफ आणि पूर्ण पॉटच्या पैजेवर दोनांमागे एक असे प्रमाण राखले, तर समोरच्याला कॉल करणे वा न करणे सारखेच होते. १४ खऱ्या समचयांमागे ६ ब्लफ हे प्रमाण अर्ध्या पॉटसाठी थोडे जास्त आहे.

या पद्धतीत समचयांची संख्या निश्चित असते, त्यांचे वजन मात्र अनुमानाचे असते. वरील प्रतिस्पर्धी दुर्रीची जोडी पहिल्याच फेरीत सोडून देणारा असेल, तर खरे समचय ३ ने कमी धरावे लागतात. म्हणून प्रत्येक फेरीतील कृतीनुसार रेंज नव्याने छाटत जाणे आणि प्रत्येक हाताला शून्य ते एक असे वजन देणे हाच सोपपत्तिक मार्ग होय. नव्या माहितीनुसार संभाव्यता सुधारणाऱ्या बेझ यांच्या सूत्राचा तो सरळ वापर आहे. केवळ तयार कोष्टके पाठ करण्यावर भर देणाऱ्या मांडणीपेक्षा ही रीत अधिक टिकाऊ आहे.

संगणकाने मोजणीचा आवाका बदलला. रंगांची अदलाबदल केल्याने डाव बदलत नाही, या सममितीमुळे फ्लॉपचे २२,१०० समचय १,७५५ प्रकारांत बसतात, आणि अनेक संगणकीय पद्धती या संकोचाचा उपयोग करतात. अल्बर्टा विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये मर्यादित पैजेचा दोन खेळाडूंचा होल्डेम व्यवहारतः सोडवल्याचे जाहीर केले. २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्रेटस’ या संगणकप्रणालीने अमर्याद पैजेच्या प्रकारात १,२०,००० डावांत चार व्यावसायिकांवर मात केली. चार पत्त्यांच्या ओमाहा प्रकारात सुरुवातीचे समचय २,७०,७२५ आणि वर्ग १६,४३२ होतात. शिवाय प्रत्येक हातात दोन-दोन पत्त्यांच्या सहा जोड्या असल्याने एक पत्ता अडवला तरी प्रतिस्पर्ध्याकडे दुसरी वाट उरते, आणि म्हणून तेथे टेबलावर बसून केलेली मोजणी होल्डेमइतकी निर्णायक ठरत नाही.