बुशहरचा रेसिडेंट आणि शारजाचा एजंट

‘इंग्रजांचा एजंट आखातातल्या शेखांवर नजर ठेवून असे’ हे वाक्य अनेकदा कानावर येतं. ते खोटं नाही, पण त्यातल्या ‘एजंट’ या एका शब्दात दोन अगदी वेगळी माणसं कोंबलेली असतात. एक गोरा, बहुधा लष्करातून आलेला, काही वर्षांनी बदली होणारा अधिकारी. दुसरा त्याच किनाऱ्यावर घरदार, गलबतं आणि उधारीच्या वह्या असलेला व्यापारी. कागदपत्रांत पहिल्याला रेसिडेंट किंवा पोलिटिकल एजंट म्हटलेलं असतं, तर दुसऱ्याला नेटिव्ह एजंट, पुढे रेसिडेन्सी एजंट. नावं इतकी जवळची, की शारजाचा एजंट म्हणजे बहरीनच्या पोलिटिकल एजंटचीच छोटी आवृत्ती असं वाटतं. तशी ती नव्हती.

आपला गोंधळ होण्याचं आणखी एक कारण आहे. रेसिडेंट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पुणं येतं. संगमावरची रेसिडेन्सी, पेशव्यांच्या दरबारात ये-जा करणारा चार्ल्स मॅलेट, नंतर एल्फिन्स्टन. ज्या दरबारावर लक्ष ठेवायचं, त्याच गावात मुक्काम. आखातात नेमकं हेच नव्हतं. अरब शेखांचा कारभार बघणारा रेसिडेंट त्यांच्यापैकी एकाच्याही मुलखात राहत नसे. तो समुद्रापलीकडे, इराणच्या किनाऱ्यावर बुशहरला बसे. कंपनीची वखार तिथं 1763 मध्ये सुरू झाली आणि रेसिडेन्सीचं ठाणं 1946 मध्ये बहरीनला हलेपर्यंत तिथंच राहिलं. म्हणजे शारजा, दुबई, अबू धाबीत काय शिजतंय ते रेसिडेंटला स्वतःच्या डोळ्यांनी दिसण्याची सोयच नव्हती. हे अंतर डोक्यात ठेवलं की दुसऱ्या माणसाची गरज आपोआप समजते.

या सगळ्याची सूत्रं मुंबईतून हलत होती. 1819 च्या फेब्रुवारीत सावंतवाडीच्या मुलखात रेडीचा किल्ला घेणारा सर विल्यम ग्रँट कीर त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मुंबईहून आरमार घेऊन रास अल खैमावर चालून गेला. तिथल्या सत्ताधारी कासिमी घराण्याला इंग्रज चाचे म्हणत. कासिमींच्या वारसांना हा शब्द आजही मान्य नाही आणि त्यांचं म्हणणं गंभीरपणे घ्यावं असंच आहे. बंदर पडलं, गलबतं जाळली गेली आणि जानेवारी 1820 मध्ये किनाऱ्यावरच्या शेखांकडून समुद्रशांतीचा करार लिहून घेतला गेला. नोव्हेंबर 1819 पासून मुंबईच्या गव्हर्नरच्या खुर्चीत एल्फिन्स्टन होता. दोन वर्षांपूर्वी पुण्यात पेशवाईचा शेवट जवळून पाहिलेला हा माणूस आता आखाताची घडी बसवत होता.

करार कागदावर झाला, पण तो पाळला जातोय की नाही हे बघणार कोण? गोरा अधिकारी कायमचा ठेवून पाहण्याचा प्रयोग मस्कतमध्ये झाला होता. 1800 मध्ये तिथं पहिला रेसिडेंट नेमला, तो आर्चिबाल्ड बोगल त्याच वर्षी मरण पावला. पाठोपाठ आलेला डेव्हिड सीटन 1809 मध्ये गेला. तिथला उन्हाळा परक्या माणसाला सोसणारा नव्हता. 1810 च्या सुमारास हा नाद सोडून देण्यात आला. शिवाय गोरा माणूस म्हटला की पगार, बंगला, पहारा, डॉक्टर हे सगळं आलं. त्यापेक्षा तिथलंच हवापाणी अंगवळणी पडलेला, अरबी-फारसी लिहिता येणारा, पतवान व्यापारी परवडे. बहरीनमध्ये सुरुवातीला ही जागा हिंदू बनियांकडे होती. 1834 पासून ती सफर घराण्याकडे गेली. मूळचे इराकमधल्या हिल्ल्याचे हे व्यापारी, पण त्यांचा पसारा बुशहर, मुंबई आणि येमेनमधल्या मोखापर्यंत होता. शारजात 1823 पासून एजंट बसू लागला आणि ती जागा सव्वाशे वर्षं टिकली.

आता दोघांचं काम बघू. रेसिडेंटकडे शब्द होता आणि त्या शब्दामागे मनवार, म्हणजे लढाऊ जहाज, होती. करार तोच करी. 1835 मध्ये हंगामी रेसिडेंट सॅम्युएल हेनेलने शेखांना मोत्यांच्या हंगामापुरती समुद्रावरची लढाई थांबवायला राजी केलं. तोच तह वाढत वाढत 1853 मध्ये कायमचा झाला. 1892 च्या करारात शेखांनी इंग्रजांखेरीज दुसऱ्या कुठल्याही सत्तेशी संबंध न ठेवण्याचं आणि आपली जमीन इतर कुणालाही न देण्याचं कबूल केलं. दंड ठरवणं, तोफा रोखणं, नव्या शेखाला मान्यता देणं ही कामं रेसिडेंटची. 1873 पर्यंत तो मुंबई सरकारला उत्तर देई, त्यानंतर हिंदुस्थान सरकारला.

एजंटकडे यातलं काहीच नव्हतं. त्याला करार करता येत नसे की हुकूम सोडता येत नसे. सरकारी मानधन तुटपुंजं, पोट चाले ते स्वतःच्या व्यापारावर. त्याच्याकडे होती ती बैठक. संध्याकाळी शेखाच्या मजलिसमध्ये कॉफी पिताना कोण कुणाशेजारी बसलं, कुठल्या टोळीत सोयरीक जमली, कुणाचा पुतण्या चुलत्यावर डोळा ठेवून आहे, मोत्यांचा भाव का पडला, कुठल्या गलबतातून बंदुका उतरल्या, हे सगळं त्याच्या कानावर येई. गुलामगिरीतून सुटका मागणारी माणसं त्याच्याच दारात येत आणि त्यांचे अर्ज तो वर पाठवी. तो लिही ती पत्रं गलबतातून, पुढच्या काळात बोटीतून, बुशहरला जात. तिथला मुनशी त्यांचा तर्जुमा करी, रेसिडेंट त्यातलं हवं ते उचले आणि सार मुंबईला किंवा कलकत्त्याला पाठवी. 1864 मध्ये तारेची केबल बुशहरपर्यंत पोचली, तेव्हा बुशहर ते मुंबई हा टप्पा काही तासांवर आला. पण शारजा ते बुशहर हा टप्पा वाऱ्यावर आणि खलाशांवरच अवलंबून राहिला.

मला या व्यवस्थेत सर्वात महत्त्वाचं वाटतं ते हे: आखाताबद्दल ‘इंग्रजांना माहीत होतं’ असं आपण म्हणतो, त्यातलं पुष्कळसं या व्यापाऱ्यांना माहीत होतं. हेर म्हणून त्यांच्याकडे बघणं चुकीचं ठरेल. हेराला स्वतःची ओळख लपवावी लागते. एजंट कोण आहे हे किनाऱ्यावरच्या लहान पोरालाही ठाऊक असे. शेखही त्याच्यामार्फत आपलं म्हणणं, आपल्या तक्रारी आणि कधी कधी मुद्दाम पिकवलेली बातमीही बुशहरला पोचवत. जुन्या मराठी राजकारणातला परदरबारी राहणारा वकील आठवला तर हे नातं चांगलं समजतं. तोही धन्याचा माणूस म्हणून उघडपणे राही, रोजची बातमीपत्रं लिही आणि त्याचं लिहिणं किती खरं धरायचं हा प्रश्न धन्यापुढे कायम असे.

तो प्रश्न इथंही होताच. एजंट स्वतः व्यापारी असल्यामुळे ज्या माणसाकडे त्याची उधारी अडकली आहे, त्या माणसाबद्दल तो वर काय लिहील? आणि ज्या शेखाशी त्याचं बिनसलं, त्याच्याबद्दल? बुशहरहून पडताळा घ्यायला दुसरा माणूस बहुधा नसेच. बहरीनमध्ये हा धंद्याचा आणि सरकारी कामाचा गुंता अखेरीस असह्य झाला. त्यातच तुर्क, जर्मन, रशियन यांची आखातात उठबस वाढू लागली. 1900 मध्ये सफर घराण्यातला शेवटचा एजंट जाऊन तिथं गॅस्किन हा रेसिडेन्सीचा अधिकारी आला आणि 1904 मध्ये कॅप्टन प्रिडो हा पहिला पोलिटिकल एजंट झाला. नावात ‘एजंट’ कायम राहिलं, माणसाची जात मात्र बदलली. नवा एजंट शेखाच्या राज्यकारभारात हात घालू लागला, जे सफरांच्या आवाक्यात कधीच नव्हतं.

मग शारजात जुनीच पद्धत का टिकली? याचं उत्तर दुबईत 1910 च्या डिसेंबरात सापडतं. चोरट्या बंदुका शोधायला एचएमएस हायसिंथ या जहाजावरची तुकडी पहाटे किनाऱ्यावर उतरली, घरांची झडती सुरू झाली आणि गोळीबार पेटला. 37 अरब मारले गेले. त्यानंतर शेखाकडे 400 बंदुका आणि 50,000 रुपये मागण्यात आले. त्याच मागण्यांत दुबईत इंग्रज एजंट ठेवून घ्यावा अशीही एक मागणी होती. रुपये आणि बंदुकांचं काय ते करता येत होतं. पण गोरा माणूस गावात राहायला येणं लोकांना कोणत्याही परिस्थितीत नको होतं. सरकारनेही ही मागणी रेटली नाही. कारण उघड आहे: मजलिसमध्ये शारजाच्या एजंटची जागा ठरलेली होती, तशी गोऱ्या अधिकाऱ्याला तिथं जागा नव्हती.

त्या वेळी शारजाचा एजंट होता खान बहादूर अब्दुल लतीफ. तो 1890 ते 1919 या पदावर होता आणि त्याच्यानंतर 1935 पर्यंत त्याचा मुलगा ईसा. बुशहरला या पंचेचाळीस वर्षांत किती रेसिडेंट आले आणि गेले. बाप-लेक तिथंच होते. 1932 मध्ये इम्पीरियल एअरवेजच्या विमानांसाठी शारजाच्या शेखाशी धावपट्टीचा करार झाला, त्या वाटाघाटींतही ईसाचा हात होता. कागदावर त्याला अधिकार नव्हता, पण त्याच्यावाचून कागद पुढे सरकत नव्हता.

1949 मध्ये हे पद संपलं. शारजात बसणारा इंग्रज पोलिटिकल ऑफिसर तोवर बारमाही झाला होता आणि 1954 मध्ये पोलिटिकल एजन्सी दुबईला गेली. ईसाचं घर शारजात उभं आहे. मधल्या काळात तिथं दवाखाना चालला, आता चित्रांची प्रदर्शनं भरतात. त्याला ‘बैत अल सरकाल’ म्हणतात. दुबईतल्या मराठी मंडळींना अल कूझमधली अलसरकाल अव्हेन्यू ठाऊक असते, तेच हे नाव. किनाऱ्यावरच्या लोकांनी ईसाच्या घराण्याला ते दिलं आणि ते आपल्या ‘सरकार’ या शब्दावरून आलं असं सांगतात.