'स्वधर्म' या शब्दाची खान्देशातली वाट

मूल्यशिक्षणाच्या तासाला फळ्यावर 'कर्तव्य' आणि 'चारित्र्य' हे शब्द जोडीनेच येतात. मग गीतेतला 'स्वधर्मा'वरचा, म्हणजे आपल्या वाट्याच्या कर्तव्यावरचा, एखादा श्लोक, इतिहासातला एक प्रसंग आणि 'श्यामची आई' या मायलेकराच्या जुन्या कृष्णधवल चित्रपटातलं एक दृश्य सांगितलं की तास संपतो. या सगळ्याचे धागे खान्देशातून गेलेले आहेत, हे मात्र इथल्या मुलांनाही क्वचितच सांगितलं जातं.

फार मागे जायचं तर जळगावहून अजिंठा गाठावा लागेल. सतराव्या लेण्यात विश्वंतर जातक रंगवलं आहे. मागेल त्याला मागेल ते देणारा राजपुत्र शेवटी स्वतःची मुलंही देऊन टाकतो. दान हे शील खरं, पण त्या मुलांचं काय, हा प्रश्न भिंतीसमोर उभं राहिलं की आजही पडतो. पुढे 1857 च्या धामधुमीत सेंधव्याच्या घाटात इंग्रजांसाठी पहारा केलेला भिल्ल नायक खाज्या नाईकच त्यांच्यावर उलटला आणि एप्रिल 1858 मध्ये सातपुड्यात आंबापाणीची लढाई झाली. सरकारदरबारी तो बंडखोर ठरला. सातपुड्यात त्याची आठवण इमानाची म्हणूनच राहिली.

आज आपण ज्या अर्थाने कर्तव्य म्हणतो, तो घडला 1916 ते 1947 या तीन दशकांत. 1916 मध्ये एका गिरणीमालकाच्या पैशातून अमळनेरला तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी संस्था उभी राहिली. कापसाच्या पैशावर वेदान्ताची चर्चा सुरू झाली. तिथे शिकायला आलेला कोकणातला एक तरुण, पुढे साने गुरुजी म्हणून ओळखला गेलेला पांडुरंग सदाशिव साने, ग्रंथांत फार काळ रमला नाही. 1924 पासून तो गावातल्या शाळेत शिकवू लागला, वसतिगृहात राहू लागला. मुलं शाळेत गेली की त्यांच्या अंथरुणांच्या घड्या घालून ठेवायचा, कुणाला न सांगता. 1930 मध्ये नोकरी सोडून तो सत्याग्रहात उतरला. वर्गातली मुलं सोडून जाणं हे कर्तव्य की कर्तव्यात कसूर? माझ्या मते तो वसतिगृहातलाच धडा पुढे नेत होता.

1932 मध्ये तोच शिक्षक धुळ्याच्या तुरुंगात होता. 21 फेब्रुवारी ते 19 जून असे अठरा रविवार तिथे गीतेच्या अठरा अध्यायांवर मराठीत प्रवचनं झाली. बोलणारा कैदी म्हणजे विनोबा भावे, ऐकणारे कैदी, आणि भराभर उतरवून घेणारा आपला शिक्षक. ती प्रवचनं आपल्यापर्यंत आली ती त्याच्या हातामुळे.

खरा गुंता इथेच आहे. गीतेतला 'स्वधर्म' शतकानुशतकं वर्णाच्या कामाला जोडून वाचला गेला: ज्या घरात जन्मलास, त्या घरचं काम कर. दुसऱ्याचा धर्म उत्तम पाळण्यापेक्षा आपला उणा असला तरी तोच बरा, हे वचन तर कैक पिढ्यांना जागच्या जागी बसवायला वापरलं गेलं. धुळ्यात भर वेगळ्या जागी पडला. स्वधर्म शोधत हिंडायची गरज नाही, तो आईसारखा आपसूक वाट्याला येतो. जे काम आणि जी माणसं समोर आहेत, त्यांची सेवा टाळू नये, असा तो सूर. आक्षेप तरीही उरतो, आणि तो रास्त आहे. आई निवडता येत नाही तशी जातही निवडता येत नाही, मग जन्माने आलेलं सगळंच स्वधर्म मानायचं का? शेतमजुराच्या पोराला 'वाट्याला आलेलं काम कर' म्हणणं आणि जमीनदाराच्या पोराला तेच म्हणणं, या दोन्हींचं वजन एक नाही. प्रवचनांचं पुस्तक घरोघर गेलं, पण हा प्रश्न शाळेच्या वर्गात फारसा पोचलाच नाही.

प्रवचनं उतरवून घेणाऱ्याने मात्र स्वतःपुरतं उत्तर दिलं. त्याने आपल्या आईवर 'श्यामची आई' हे जे पुस्तक लिहिलं, त्यावर 1953 मध्ये चित्रपट निघाला आणि त्याला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. अंघोळीनंतर ओल्या पायांना माती लागू नये म्हणून हट्ट करणारा मुलगा सगळ्यांना आठवतो. त्याच पुस्तकात आणखी एक प्रसंग आहे. एका म्हाताऱ्या महारणीची मोळी खाली पडते, शिवायचं नाही म्हणून कुणी हात लावत नाही. आई मुलाला सांगते, जा, मोळी डोक्यावर चढवून दे आणि घरी येऊन अंघोळ कर. आईची दया खरी, आणि ती अंघोळही खरी. हा प्रसंग गोड करून सांगणारे अंघोळ गाळतात. गाळू नये.

शाळेतल्या शब्दांना पुढे फाटे फुटले. 'चारित्र्य' पडताळणीच्या अर्जात गेलं, नाहीतर 'चारित्र्याच्या संशयावरून' पत्नीला मारल्याच्या बातमीत. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उरला तो 'वर्तणूक' नावाचा रकाना, आणि त्यात सर्रास एकच शब्द: चांगली.

1 मे 1947 रोजी तोच शिक्षक पंढरपूरला उपोषणाला बसला. विठ्ठलाचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं एवढीच मागणी होती. थांबा म्हणणाऱ्यांत त्याला पूज्य असलेली माणसंही होती. दहाव्या दिवशी उपोषण सुटलं, ते मंदिराची दारं उघडण्याचं ठरल्यावर.