निखारे, हवा आणि धुराचा स्वाद

कोळशावर अन्न भाजणे आणि लाकडाच्या धुराची धुरी देणे ही कामे एकाच शेगडीवर होत असली, तरी त्यांमागचे रसायनशास्त्र वेगळे आहे. अपुऱ्या हवेत लाकूड तापवले, की त्यातील पाणी आणि ज्वलनशील वायू निघून जातात व बहुतांशी कार्बन उरतो, तोच कोळसा. त्यामुळे नीट फुललेला निखारा भरपूर उष्णता देतो, पण धूर जवळजवळ करत नाही. धुराचा स्वाद हवा असेल, तर निखाऱ्यांवर सुक्या लाकडाचे तुकडे ठेवावे लागतात.

पेटवताना घाई नडते. उभ्या पत्र्याच्या नळकांड्यात कोळसे भरून खाली कागद पेटवला, की तापलेली हवा वर चढते, तिच्या जागी खालून ताजी हवा ओढली जाते आणि साधारण २० ते ३० मिनिटांत वरच्या कोळशांवर राखेचा करडा थर दिसू लागतो. तोवर अन्न जाळीवर ठेवू नये. निखारे सगळीकडे सारखे पसरण्याऐवजी एका बाजूला ओढून घ्यावेत, म्हणजे भाजायला प्रखर आणि मंद शिजवायला सौम्य, असे दोन भाग मिळतात. निखाऱ्यांची उष्णता प्रामुख्याने प्रारणाने, म्हणजे थेट किरणांच्या रूपाने, पोहोचते आणि प्रारण निरपेक्ष (केल्विनमध्ये मोजलेल्या) तापमानाच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढते. म्हणूनच हवेची झडप किंचित उघडून निखारे थोडे अधिक तापले तरी फरक एवढा जाणवतो.

धुराची खरी गंमत लाकडाच्या घटकांत आहे. सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज तापून तुटले, की कार्बोनिल संयुगे व आम्ले तयार होतात, आणि ही कार्बोनिल संयुगे प्रथिनांशी संयोग पावून अन्नाला तांबूस-तपकिरी रंग देतात. लाकडाला कडकपणा देणाऱ्या लिग्निनपासून ग्वायाकॉल आणि सिरिंगॉल ही फिनॉल गटातील संयुगे मिळतात. धुराचा ओळखीचा वास मुख्यतः त्यांचा. पाईनसारख्या राळयुक्त लाकडाचा धूर काजळी आणि कडवटपणा आणतो, म्हणून ते टाळलेले बरे.

मात्र माझ्या मते, कोणत्या झाडाचे लाकूड वापरले यापेक्षा त्याला हवा किती मिळाली, हे अधिक महत्त्वाचे आहे. हवा कोंडली की दाट पांढरा धूर निघतो आणि अन्न कडवट होते. पुरेशी मिळाली की धूर विरळ व निळसर दिसतो, कारण त्यातील कण इतके बारीक असतात, की ते निळा प्रकाश अधिक विखुरतात. लाकूड आधी भिजवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पण पाणी आत फारसे शिरत नाही, आणि शिरते ते उडून जाईपर्यंत लाकूड धुमसतच नाही.

धुरातील संयुगे थंड, ओलसर पृष्ठभागावर चांगली चिकटतात, त्यामुळे धुरीचा परिणाम सुरुवातीलाच सर्वाधिक होतो. धुरातील नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड मांसाला लाल रंग देणाऱ्या मायोग्लोबिन या प्रथिनाला जखडतात, आणि कडेला शिजूनही न जाणारी गुलाबी कड उमटते. साहजिकच मांस शिजले की नाही हे रंगावरून ठरवता येत नाही. थर्मामीटर खुपसून पाहावे लागते, आणि कोंबडीच्या बाबतीत आतील तापमान ७४ अंश सेल्सिअस भरायला हवे. हाच कार्बन मोनॉक्साइड बंद खोलीत प्राणघातक ठरतो, त्यामुळे शेगडी उघड्यावरच पेटवावी आणि विझत आलेले निखारेही घरात आणू नयेत.