शेतमजूर पूर्वजाचा शोध (इंग्लंड व वेल्स)

इंग्लंड-वेल्समध्ये शेतावर मजुरी करणाऱ्या पूर्वजाचा माग जनगणनेचे तक्ते आणि पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला गावभाग) चर्चच्या नोंदवह्या यांच्या आधारे काढण्याची रीत. जमीनदाराच्या घराण्यात वंशावळी, मृत्युपत्रे, खरेदीखते असतात. मजुराच्या घरात यांतले बहुधा काहीच नसते. त्यामुळे सरकारने आणि चर्चने स्वतःच्या सोयीसाठी जे कागद ठेवले, त्यांवरच हा शोध चालतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शेती हाच तिथला सर्वांत मोठा रोजगार असल्याने सामान्य इंग्रज कुटुंब काही पिढ्या मागे नेले की शेतमजूर बहुधा भेटतोच.

शोध नेहमी अलीकडून मागे न्यायचा. १ जुलै १८३७पासून जन्म, विवाह व मृत्यू यांची सरकारी नोंदणी सुरू झाली; तिचे दाखले आणि जनगणना एकमेकांना ताडून पाहत पाहत त्या सालापर्यंत पोहोचता येते.

जनगणना १८०१पासून दर दहा वर्षांनी होत असली, तरी संपूर्ण देशाची नावनिशीवार गणना ६ जून १८४१ रोजी प्रथम झाली. ‘ॲग्रिकल्चरल लेबरर’ एवढे लांबलचक लिहायला नको म्हणून प्रगणकांना ‘ॲग लॅब’ असे संक्षिप्त रूप दिले होते, आणि खेडेगावच्या पानांवर ते ओळीमागून ओळ दिसते. या गणनेवर फार भिस्त ठेवू नये. पंधरा वर्षांपुढील वय पाचाच्या पटीत खाली उतरवलेले असते, घरातल्यांचे एकमेकांशी नाते दिलेले नसते आणि जन्मस्थानाच्या रकान्यात याच परगण्यात जन्म झाला की नाही, एवढेच कळते. खरा उपयोग ३० मार्च १८५१च्या गणनेपासून होतो. तीत वय, कुटुंबप्रमुखाशी नाते आणि जन्माचा पॅरिश हे सारे आले. समजा, या तक्त्यात एका मजुराचे वय ४८ आहे. दहा वर्षांपूर्वी तो ३८-३९ वर्षांचा असणार, पण १८४१च्या तक्त्यात ३५ लिहिलेला सापडेल. जन्म धरायचा १८०२-०३चा, आणि बाप्तिस्मा त्याच्या मागेपुढे चार-पाच वर्षांत शोधायचा, कारण अनेकांना स्वतःचे वय अंदाजानेच ठाऊक असे. जन्मगावही एका गणनेत वाडीचे, तर दुसरीत जवळच्या बाजारपेठेचे सांगितलेले असते. बायकोच्या व्यवसायाचा रकाना पुष्कळदा कोरा असतो, म्हणून ती घरीच बसून होती असे समजू नये. खुरपणीला आणि कापणीला बायका-मुले शेतावर असतच.

१९११पासून कुटुंबाने स्वतः भरलेले तक्तेच जपलेले आहेत. नावे शंभर वर्षे गुप्त राहतात, त्यामुळे १९२१ची गणना २०२२मध्ये खुली झाली. १९३१ची १९४२मध्ये आगीत जळाली आणि १९४१ची युद्धामुळे झालीच नाही.

पॅरिशच्या नोंदवह्या १५३८मध्ये आठव्या हेन्री राजाचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याच्या हुकमाने सुरू झाल्या. १५९८पासून त्यांची नक्कल दरवर्षी बिशपकडे जाऊ लागली, म्हणून मूळ वही खराब झाली असली तरी आशा उरते. १७५४पासून विवाहाच्या छापील वहीत वधूवर आणि साक्षीदार यांच्या सह्या येतात. मजुराच्या नावापुढे पुष्कळदा नुसती फुली असते. १८१३पासूनच्या छापील बाप्तिस्मा-वहीत बापाचा धंदा आणि राहण्याचे ठिकाण आहे. वरच्या उदाहरणातला माणूस मात्र त्याआधी जन्मला, म्हणजे हाती बहुधा बाप, आई आणि तारीख एवढेच लागणार. १७५२पूर्वी वर्ष २५ मार्चला बदलत असे, हेही ध्यानात ठेवावे. १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता. कंगालांना तो माफ असे, आणि अशा नोंदीपुढे काही पाद्री इंग्रजी ‘पी’ हे अक्षर टाकत.

सर्वांत जास्त घोळ एकाच नावाचा होतो. एका गावात एकाच पिढीत तीन जॉन असले की पहिला सापडलेला बाप्तिस्मा आपल्याच माणसाचा मानण्याचा मोह होतो. दफनाची वही पाहिल्याशिवाय तो मानू नये. त्यातला एखादा जॉन तान्हेपणीच गेलेला निघतो, आणि पुढच्या भावाला तेच नाव दिलेले असते.

शेतमजुराबाबत सर्वांत मोलाचे कागद मात्र या दोन्हींच्या बाहेर, एकेकाळी पॅरिशच्या पेटीत (कारभाराचे कागद ठेवण्याची चर्चमधली पेटी) ठेवलेले असत. गरिबाला पोसायचा खर्च पॅरिशवर पडे, म्हणून तो कोणत्या पॅरिशचा यावर वाद होत. १६६२च्या कायद्याने परगावच्या गरिबाला परत पाठवता येई. अशा वेळी न्यायाधीशांपुढे त्याची जबानी होई: जन्म कुठला, कोणाकडे सालदारी केली, मजुरी किती, लग्न कधी. अविवाहित गड्याने पुरे वर्षभर चाकरी केली की त्याला त्या पॅरिशकडून मदत मागण्याचा हक्क मिळे. तो मिळू नये म्हणून काही शेतकरी ५१ आठवड्यांचाच करार करीत. सुस्थितीतल्या माणसाची अशी चौकशी कोणी केली नाही. ज्याच्यावर पाळी आली, त्याच्या वंशजाला आज आपल्या पूर्वजाचे आयुष्य वाचायला मिळते.

कधी मजूर गावच्या वह्यांतून एकदम नाहीसा होतो. टॉलपडल या खेड्यातले सहा मजूर हे याचे ठळक उदाहरण. मजूर-संघटनेत शपथ घेतल्याबद्दल डॉर्सेट परगण्यातील या सहा जणांना १८३४मध्ये ऑस्ट्रेलियात काळ्या पाण्यावर पाठवले. माफीनंतर परतलेल्यांपैकी पाच जण एसेक्समध्ये शेती करू लागले आणि पुढे कॅनडात गेले. केवळ डॉर्सेटच्या वह्या चाळणाऱ्याला ते अचानक नाहीसे झाल्यासारखे वाटतील. जेम्स हॅमेट गावीच राहिला आणि १८९१मध्ये डॉर्चेस्टरच्या वर्कहाउसमध्ये (निराधार गरिबांना ठेवण्याच्या जागेत) वारला. त्यांचा पुढारी जॉर्ज लव्हलेस मेथडिस्ट, म्हणजे पॅरिश चर्चपासून वेगळ्या झालेल्या पंथाचा, उपदेशक होता. अशा घरांतल्या मुलांचा बाप्तिस्मा पॅरिश चर्चमध्ये नसेल, तर तो चॅपेलच्या (त्या पंथाच्या प्रार्थनाघराच्या) वहीत पाहावा. १८३७नंतर सरकारजमा झालेल्या यांतल्या अनेक वह्या आता लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

गावातून एखादा मुलगा एकाएकी गायब झाला, तर तो सैन्यात भरती झाला असण्याची शक्यता धरावी. मुंबई इलाख्यातील चर्चांनी पाठवलेल्या बाप्तिस्मा, विवाह व दफन नोंदींच्या नकला लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पुण्या-खडकीच्या छावणीत मेलेला गोरा शिपाई त्यांत सापडू शकतो. उलट भारतीय जनगणनेतून असा शोध घेता येत नाही, कारण कुटुंबवार माहिती पाहण्यास १९४८च्या कायद्याने मनाई आहे. मॉरिशसच्या मळ्यांवर करारावर गेलेल्या मराठी मजुरांच्या वंशजांना मात्र मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आगमनाच्या नोंदवह्या पाहता येतात. तिथे प्रत्येक मजुराला दिलेला क्रमांक ठाऊक असेल, तर काम पुष्कळ सोपे होते.