रॅकच्या कडेला फिरणारी अळी

"ह्या अळ्या येड्या व्हई ग्यात, भो," मामेभाऊ म्हणाला. चाळीसगावजवळच्या त्याच्या शेडमध्ये पाचव्या अवस्थेतल्या अळ्या होत्या, कोष धरायला चार दिवस उरलेले. निरोगी रेशीम अळी समोर तुतीचा पाला असला की सहसा जागची हलत नाही. इथे काही अळ्या पाला सोडून रॅकच्या कडेकडेने भटकत होत्या. अंग सुजलेलं, वळ्या फुगलेल्या आणि कातडीला जरा धक्का लागला की दुधासारखं पाणी बाहेर. ग्रासरी, रेशीम अळीचा विषाणूजन्य रोग! यावर औषध नाही. रोगट अळ्या वेचून नष्ट करायच्या, चुना टाकायचा, माल निघाला की शेड निर्जंतुक करायचं.

पण त्या येड्या नव्हत्या, त्यांना कोणीतरी चालवत होतं.

ग्रासरीचा विषाणू बीएमएनपीव्ही या नावाने ओळखला जातो. प्रथिनाच्या खड्यात बसून तो मातीत, रॅकच्या फटीत वाट पाहतो. पाल्याबरोबर पोटात गेला की तिथल्या तीव्र अल्कलीत खडा विरघळतो आणि विषाणू मोकळा होतो. त्याची सगळी जनुकीय पोथी सुमारे 1 लाख 28 हजार अक्षरांची, अळीच्या पोथीपुढे चिठ्ठीच म्हणायची. त्या चिठ्ठीत पीटीपी नावाचं एक जनुक आहे. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात संशोधकांनी ते काढून टाकलेला विषाणू अळ्यांना दिला. अळ्यांना लागण झाली, पण त्यांचं भटकणं वाढलं नाही. गंमत अशी, की हे जनुक कीटकांच्या स्वतःच्या जनुकाशी जुळतं. फार पूर्वी विषाणूच्या पूर्वजाने ते कुठल्यातरी अळीकडूनच लांबवलं असावं. म्हणजे चोरीच्या किल्लीने मालकालाच घराबाहेर काढायचं. रोगट अळी जितकी हिंडेल तितक्या पानांवर विषाणू सांडणार.

भावाला लगेच हरभरा आठवला. घाटे अळीवर आपण एचएएनपीव्ही हा विषाणू फवारतो, त्याचीच ही भावकी. उन्हातल्या अतिनील किरणांनी विषाणू मरतो म्हणून संध्याकाळी फवारायचं, त्यात नीळ मिसळायची, हे त्याला पाठ होतं. झाडाच्या शेंड्याला डोकं खाली करून लटकलेल्या मेलेल्या अळ्याही त्याने पाहिलेल्या. "मग ते माझ्या शेडमध्ये आलं तर?"

तर काही होत नाही. घाटे अळीचा विषाणू रेशीम अळीला लागत नाही, प्रत्येकाचं यजमान घर ठरलेलं. (शेजारच्या शेतातलं रासायनिक कीटकनाशक तुतीवर उडालं तर मात्र खैर नाही, खरी भीती त्याची बाळगावी.) पण हे कुंपण किती बारीक असावं? याच कुळातला, अल्फाल्फा पिकावरच्या अळीत सापडलेला एक विषाणू रेशीम अळीला मारू शकत नाही. 1990 च्या दशकात त्याच्या हेलिकेज नावाच्या एका जनुकातला छोटासा तुकडा ग्रासरीच्या विषाणूसारखा करून पाहिला, आणि तो रेशीम अळ्या मारू लागला.

अळीही काळाबरोबर बदलत गेली आहे. तिचा रानटी नातेवाईक चीन-जपानमध्ये आजही तुतीवर जगतो, उडतो. सुमारे 5,000 वर्षं माणसाने पाळल्यावर आपला पतंग पंख असून उडत नाही. 2009 मध्ये पाळीव आणि रानटी मिळून 40 वाणांचे जनुकसंच ताडून पाहिले, तेव्हा माणसाच्या निवडीचा ठसा असावा अशी 354 जनुकं हाती लागली.

मला सगळ्यात आवडतो तो डेन्सोव्हायरसचा किस्सा. हा दुसराच विषाणू, आतड्यात वाढणारा. काही वाणांना त्याची एक जात लागतच नाही. 2008 मध्ये कारण कळलं: आतड्याच्या पेशीच्या आवरणातलं एक प्रथिन त्यांच्यात मोडकं असतं, जनुकाचा तुकडाच गळालेला. विषाणूला दार नाही! धडधाकट जनुक घातलं की तीच अळी पुन्हा आजारी पडते. दोन्ही पालकांकडून मोडकं जनुक आलं तरच संरक्षण मिळतं, म्हणून संकर करताना जपून जोड्या लावाव्या लागतात.

"ग्रासरीसाठी असं बिनदाराचं वाण दे की," भाऊ म्हणाला. तसं नाही. तिथली सहनशक्ती अनेक जनुकांत विखुरलेली, वाणागणिक कमी-जास्त. त्याने चिमटा उचलला आणि पुढच्या रॅककडे वळला.