पाचारण आणि जिवलगांची विनवणी: नागपूरची पार्श्वभूमी

घरच्यांनी हात जोडले तरी देवाचे पाचारण, म्हणजे बोलावणे, मानून धर्मसेवेत जायचे ठरवलेल्या तरुणाचा विषय नागपूरच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत (चर्चमध्ये) निघाला की बायबलमधला कैसरियाचा प्रसंग पुढे येतोच. यरुशलेमेत प्रेषित पौलाचे असेच होईल म्हणून अगबा या संदेष्ट्याने त्याच्या कमरपट्ट्याने स्वतःचे हातपाय बांधून दाखवले, जाऊ नकोस म्हणत सोबती रडले, पौल हटला नाही. खरा पेच त्याच्या थोडा आधी, सोर बंदरात आहे.

बायबलच्या नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या 21व्या अध्यायातले 4थे वचन सांगते की सोरच्या शिष्यांनी पवित्र आत्म्याच्या द्वारे पौलाला यरुशलेमेस जाण्यापासून अडवले. 20व्या अध्यायात मात्र पौल म्हणतो की आत्म्याने बांधलेला मी तिकडेच चाललो आहे. मग आत्मा एकाला जा म्हणतो आणि दुसऱ्यांना त्याला अडवा म्हणतो का? काही भाष्यकारांच्या मते पौल इथे हट्टाला पेटला. दुसरा पक्ष म्हणतो, बंधने आणि संकटे वाट पाहत आहेत एवढीच आत्म्याची सूचना होती. ‘म्हणून जाऊ नकोस’ हे मायेने जोडले. मला हेच पटते. रोमकरांस पत्राच्या 15व्या अध्यायात पौल सांगतो की यरुशलेमेतल्या गरिबांसाठी जमवलेली मदत पोचवायची आहे, आणि यहूदीयातल्या विरोधकांपासून माझी सुटका व्हावी म्हणून प्रार्थना करा. धोका त्याला ठाऊक होता, मरणाची हौस नव्हती. अडवणाऱ्यांची मायाही खरी होती. ‘प्रभूची इच्छा असेल तसे होवो’ म्हणून ते गप्प झाले, आणि कैसरियातले काही शिष्य त्याच्यासोबत यरुशलेमेपर्यंत गेले. कृत्यांच्या 21व्या अध्यायातले हे 16वे वचन उपदेशांत फारसे येत नाही, ते यायला हवे.

नागपुरात पाचारण की घर हा प्रश्न उभा राहिला तो 1845 नंतर. स्कॉटलंडहून आलेल्या मिशनऱ्याने शाळा काढली तेव्हा राज्य भोसल्यांचे होते. शाळेतल्या एका ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती दीक्षा, मागितला, तर दरबाराने त्याला कैदेत टाकले. वाद गाजला तो भोसल्यांच्या इंग्रजांशी झालेल्या तहाच्या कलमांवरून. घरातले काय बोलले हे मागेच राहिले. 1850च्या कायद्याने धर्म बदलला तरी वारसाहक्क जाणार नाही असे ठरले, 1854 मध्ये राज्य खालसा झाले. दरबार गेला, घर उरले.

घराची बाजू मराठीत नीट उमटली ती एका कवीमुळे, आणि त्याहून जास्त त्याच्या पत्नीमुळे. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्या कवीला नवा करार दिला. 1895 मध्ये मुंबईत त्याचा बाप्तिस्मा झाला. पत्नी बरीच वर्षे दूर राहिली आणि पुढे स्वतःच्या मनाने 1900 मध्ये ख्रिस्ती झाली. त्या ताटातुटीचे दुःख तिने लिहून ठेवले, म्हणून मागे राहणाऱ्याच्या बाजूनेही आपण हा प्रसंग वाचू शकतो.

1954 मध्ये, नागपूर मध्य प्रदेशची राजधानी असताना, मिशनरी कामाच्या चौकशीसाठी समिती नेमली गेली. 1956च्या तिच्या अहवालाचा भर आमिष आणि परकीय पैसा यांवर होता. माणूस कशामुळे ओढला गेला हे बारकाईने विचारले गेले; त्याला कोणी किती ओढून धरले, हा प्रश्न त्या मानाने दुर्लक्षितच राहिला. माझ्या मते हा एकांगीपणा पुढच्या सगळ्या वादांत उतरला.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरातच उत्तर भारतातल्या सहा चर्च-संघटनांचे ऐक्य झाले. तोवर प्रश्नाचे रूप पालटत चालले होते. आता विनवणी करणारे आईवडील बहुधा स्वतःच ख्रिस्ती असतात. मुलगा पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, व्हावा अशी प्रार्थना ते मंडळीत करतात, पण आपल्या मुलाने हातची नोकरी सोडून सेमिनरीचा, म्हणजे पाळकांच्या प्रशिक्षणाचा, अर्ज भरला की धाकट्या बहिणीच्या लग्नाचे काय, हे विचारतात. अर्जासाठी स्थानिक मंडळीची शिफारस लागते, आणि ती देणाऱ्या कमिटीवर कधी कधी वडीलच बसलेले असतात.