पेन ड्राइव्हवरून बूट, नेटवर्कवरून बूट: लॅबमध्ये इमेज टाकताना फरक नेमका कुठे पडतो

सत्र सुरू व्हायच्या आधीचा आठवडा. लॅबमध्ये ३० मशीन, आणि प्रत्येकावर तेच विंडोज, तेच कंपायलर, तोच डेटाबेस, तोच प्रिंटर. एकेक मशीन हाताने भरायला बसलं तर आठवडा पुरत नाही. म्हणून एक मशीन मनासारखं तयार करायचं, त्याच्या डिस्कची इमेज, म्हणजे डिस्कवरच्या सगळ्याची हुबेहूब प्रत, सर्व्हरवर घ्यायची आणि उरलेल्या २९ मशीनवर ती नेटवर्कवरून उतरवायची, हा रस्ता बहुतेक लॅबवाल्यांना माहीत असतो. हे काम करणारी साधनं म्हणजे फॉग, क्लोनझिला किंवा विंडोज डिप्लॉयमेंट सर्व्हिसेस; यांपैकी एकाचं तरी नाव कानावर आलेलं असतं.

गोंधळ त्यापुढे सुरू होतो. "आम्ही पेन ड्राइव्हवरून करतो, नेटवर्कवरून नाही," असं एक जण सांगतो. "नेटवर्कवरून इमेज टाकायची म्हणजे पीएक्सई लागणारच, आमच्या राउटरवर ते होत नाही, म्हणून सोडून दिलं," असं दुसरा. (पीएक्सई म्हणजे मशीन नेटवर्कवरूनच बूट करण्याची पद्धत.) दोघांची चूक एकच आहे. मशीन बूट कुठून होतं आणि इमेज कुठून येते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते दोघांनी एकच धरलेत. या एका गैरसमजामुळे किती लॅबमध्ये आजही डीव्हीडी आणि पेन ड्राइव्ह घेऊन दोन-दोन दिवस इन्स्टॉलेशन चालतं ते मी पाहिलं आहे, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

ज्या डिस्कवर इमेज उतरवायची, तिच्यावरचं विंडोज चालू ठेवून ते काम होत नाही. त्यासाठी डिस्कला हात न लावता रॅममध्ये चालणारी एक छोटी सिस्टीम लागते. फॉग आणि क्लोनझिलात ती लिनक्स असते, मायक्रोसॉफ्टच्या साधनांत विंडोज पीई. ही छोटी सिस्टीम रॅममध्ये आणणं म्हणजे बूट. ती आली की ती सर्व्हरशी बोलते आणि २०-२५ जीबीची इमेज ओढून डिस्कवर लिहिते. पेन ड्राइव्ह की पीएक्सई, हा वाद फक्त त्या छोट्या सिस्टीमपुरता आहे. म्हणजे साधारण पहिल्या एक-दोन मिनिटांचा.

ती पहिली मिनिटं पीएक्सईत कशी जातात ते पाहा. पीएक्सई ही इंटेलने मांडलेली पद्धत, तिची २.१ ही आवृत्ती १९९९ सालची, आणि आजही मशीन मुळात तिच्याच धर्तीवर बूट होतात. मशीन चालू करून एफ१२ दाबून नेटवर्क निवडलं, की मदरबोर्डचं फर्मवेअर (विंडोजच्याही आधी चालणारं, मशीनमध्येच भरलेलं सॉफ्टवेअर) लॅनवर डीएचसीपीची, म्हणजे आयपी पत्ते वाटणाऱ्या सेवेची, हाक देतं आणि त्या हाकेतच सांगतं की मी पीएक्सई क्लायंट आहे, माझं फर्मवेअर अमुक प्रकारचं आहे. उत्तरात त्याला तीन गोष्टी हव्या असतात: स्वतःचा आयपी, बूट सर्व्हरचा पत्ता आणि फाइलचं नाव. शेवटच्या दोन गोष्टी म्हणजे डीएचसीपीच्या उत्तरातले ऑप्शन ६६ आणि ६७. मग टीएफटीपीने ती फाइल येते. टीएफटीपी हा फाइल पाठवण्याचा, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीचा साधा प्रोटोकॉल. मूळ रूपात तो ५१२ बाइटचा एक तुकडा पाठवतो, पोच येईपर्यंत थांबतो, मग पुढचा पाठवतो. मोठ्या फाइलसाठी हे फार हळू पडतं. म्हणून फॉग आधी फक्त आयपीएक्सई हा लहानसा बूटलोडर टीएफटीपीने आणतो आणि पुढचं कर्नल वगैरे एचटीटीपीने ओढतो.

पेन ड्राइव्हवर यातलं काहीच नाही. यूईएफआय, म्हणजे आजच्या मशीनमधलं फर्मवेअर, एफएटी३२ पार्टिशन शोधतं, त्यातल्या ईएफआय फोल्डरमधल्या बूट फोल्डरात बूटएक्स६४.ईएफआय नावाची फाइल असली तर ती चालवतं, आणि काही सेकंदांत लिनक्स रॅममध्ये येतं. डीएचसीपी देणारं कोण, स्विच कसा आहे, याच्याशी या टप्प्याचा संबंध नाही. क्लोनझिला लाइव्हचा पेन ड्राइव्ह याच प्रकारचा. तो सुरू झाला की विचारतो, इमेज कुठे आहे? तिथे एसएसएच, सांबा किंवा एनएफएस यांपैकी सर्व्हरवरच्या फाइलींपर्यंत पोचायचा एक मार्ग निवडला की इमेज सर्व्हरवरूनच येते. पेन ड्राइव्ह त्या क्षणानंतर जवळजवळ बिनकामाचा; सगळं रॅममध्ये घेण्याचा पर्याय निवडला असेल तर काढून पुढच्या मशीनला लावला तरी चालतं.

म्हणूनच "पेन ड्राइव्हने इमेजिंग हळू होतं" हे वाक्य मला खटकतं. गिगाबिट लॅनवर सेकंदाला प्रत्यक्षात ११० एमबीच्या आसपास जातात. २५ जीबीची इमेज एका मशीनवर जायला, डिस्कने साथ दिली तर, चारेक मिनिटं. यूएसबी २ चा जुना पेन ड्राइव्ह सेकंदाला ३०-३५ एमबीच देतो हे खरं, पण त्याने फक्त काही शे एमबीचं लिनक्स दिलेलं असतं. इमेज त्याच्यातून जातच नाही.

वेग ठरतो तो युनिकास्ट की मल्टिकास्ट यावर. २९ मशीनना स्वतंत्रपणे इमेज पाठवली (युनिकास्ट) तर सर्व्हरच्या एका गिगाबिट पोर्टमधून ७२५ जीबी जायला हवेत, म्हणजे जवळजवळ दोन तास. मल्टिकास्टमध्ये तेच २५ जीबी तारेवरून एकदाच जातात आणि सगळी मशीन एकाच वेळी उचलतात. मात्र सगळ्यांना सर्वांत संथ मशीनच्या चालीने चालावं लागतं. गिगाबिटला केबलच्या चारही जोड्या लागतात. एक जोडी तुटलेली असेल तर ते मशीन मुकाट्याने १०० मेगाबिटवर उतरतं, आणि तेवढ्या एका केबलपायी चारेक मिनिटांचं काम अर्ध्या तासावर जातं. मल्टिकास्ट सुरू करण्याआधी स्विचवरचे दिवे पाहून घ्यायची सवय मी त्यामुळे लावून घेतली आहे. आणि मल्टिकास्टसाठी पीएक्सई लागतं असंही नाही. क्लोनझिलाच्या लाइट सर्व्हरला पेन ड्राइव्हवरून उठलेली मशीनही जोडता येतात.

मग पीएक्सई कशासाठी? हातांसाठी. ३० मशीनपुढे पेन ड्राइव्ह घेऊन फिरणं, प्रत्येक ठिकाणी एफ१२, मेन्यू, सर्व्हरचा पत्ता, पासवर्ड. पाचव्या मशीनपर्यंत ठीक वाटतं, विसाव्यापर्यंत चुका व्हायला लागतात. क्लोनझिलात इमेज घेणं आणि इमेज उतरवणं हे पर्याय मेन्यूत एकाखाली एक असतात, आणि थकलेल्या माणसाच्या हातून नको तिथे एंटर दाबलं जातं. फॉगमध्ये मशीन एकदा नोंदवलं, बूट ऑर्डरमध्ये नेटवर्क वर ठेवलं, की काम सर्व्हरच्या वेब पानावरून लावता येतं. मशीन उठल्यावर सर्व्हरला विचारतं. काम लागलेलं असेल तर सुरू होतं, नसेल तर काही सेकंद मेन्यू दिसून मशीन आपल्या हार्ड डिस्कवरून विंडोजमध्ये जातं. वेक-ऑन-लॅन (बंद मशीन नेटवर्कवरून चालू करायची सोय) चालू असेल तर संध्याकाळी सर्व्हरवरून काम लावायचं आणि सकाळी तयार लॅब उघडायची. हे पेन ड्राइव्हने होत नाही.

पण या सुखाची किंमत नेटवर्कमध्ये मोजावी लागते, आणि बहुतेक जण अडतात ते इथेच. इंटरनेट कंपनीने दिलेल्या राउटरवर ऑप्शन ६६-६७ भरायची सोय बहुधा नसते. मग माणूस फॉगच्या सर्व्हरवरच डीएचसीपी चालू करतो. फॉगचा इन्स्टॉलर तसं विचारतोही. एका लॅबमध्ये मी स्वतः घाईत त्याला हो म्हटलं होतं. त्या नेटवर्कवर आधीच एक डीएचसीपी होतं. अर्ध्या तासात ऑफिसातली मशीन चुकीचे आयपी घेऊन इंटरनेटपासून तुटली, आणि फीभरतीच्या रांगेतली मुलं उगाच ताटकळली. यावर बरा उपाय म्हणजे प्रॉक्सी डीएचसीपी: सर्व्हरवर डीएनएसमास्क हे छोटं सॉफ्टवेअर बसवायचं आणि त्याने आयपी वाटायचे नाहीत, फक्त बूट सर्व्हर आणि फाइलचं नाव तेवढं सांगायचं. आयपी राउटरच देत राहतो. या मार्गाने साध्या घरगुती राउटरमागेही पीएक्सई चालतं.

दुसरी अडचण स्विचची. मॅनेज्ड स्विचवर (ज्याची सेटिंग बदलता येतात असा) स्पॅनिंग ट्री, म्हणजे तारांचा गोल फेरा टाळणारी व्यवस्था, जुन्या पद्धतीने चालू असेल तर तार जोडल्यावर पोर्ट १५ सेकंद ऐकतो, १५ सेकंद शिकतो, आणि मग पॅकेट पुढे सोडतो. तोवर फर्मवेअर हाका मारून थकून गेलेलं असतं. हे थांबणं टाळणारं पोर्टफास्ट हे सेटिंग लावलं की प्रश्न मिटतो. खात्री करायची असेल तर मशीन आणि मोठ्या स्विचच्या मध्ये एक साधा पाच पोर्टचा स्विच ठेवून पाहा. तेवढ्याने पीएक्सई चाललं तर दोष स्पॅनिंग ट्रीकडेच आहे.

तिसरी खोच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर या प्रवासात एकदा नाही, दोनदा लागतो. पहिल्यांदा फर्मवेअरकडचा, बूट फाइल आणायला. मग विंडोज पीई किंवा लिनक्स चालू झालं की स्वतःचा ड्रायव्हर वापरतं. फर्मवेअरचा तिथे उपयोग नाही. त्यामुळे पीएक्सईने पीई छान उठतं आणि उठल्यावर "नेटवर्क सापडत नाही" म्हणतं, तेव्हा लोक चक्रावतात. आत्ता तर याच केबलवरून सगळं आलं! आलं, पण दुसऱ्या ड्रायव्हरने. पीईच्या बूट इमेजमध्ये त्या कार्डाचा ड्रायव्हर घातला की काम होतं. पेन ड्राइव्हने बूट केलं असतं तरी ही अडचण तशीच आली असती. उलट, फर्मवेअरला जे कार्ड ओळखता येत नाही ते लिनक्सला ओळखता येत असेल, तर पेन ड्राइव्ह तिथे जिंकतो.

नव्या पातळ लॅपटॉपांवर हेच होतं. त्यांना लॅनचा पोर्टच नाही. यूएसबीतून लॅन देणारा डोंगल लावायचा, आणि तो फर्मवेअरला ओळखीचा असेल तरच पीएक्सई. त्यातून आणखी एक घोळ निघतो. फॉग मशीनला प्रामुख्याने मॅक ॲड्रेसवरून (नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकावरून) ओळखतो, आणि इथे तो ॲड्रेस डोंगलचा असतो. एकच डोंगल दहा लॅपटॉपना फिरवला तर फॉगला दहाही वेळा तोच लॅपटॉप आलेला दिसतो, तेच नाव, तेच काम. काही कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये मशीनचा स्वतःचा मॅक ॲड्रेस डोंगलवर चढवायची सोय सेटिंगमध्ये असते. ती असेल तर चालू करा. नसेल तर अशा लॅपटॉपांसाठी मी क्लोनझिलाचा पेन ड्राइव्हच वापरतो. मशीनची नोंद ठेवणं तिथे नाहीच, म्हणून गोंधळही नाही.

पीएक्सई आणि पेन ड्राइव्ह यांच्या मध्ये एक तिसरा प्रकार आहे, आणि तो फारसा कुणी वापरत नाही याचं मला वाईट वाटतं. आयपीएक्सई, जो फॉग एरवी टीएफटीपीने आणतो, तोच पेन ड्राइव्हवर ठेवायचा. फाइल अगदी लहान, तिच्यासाठी कुठलाही जुना पेन ड्राइव्ह चालतो. मशीन त्याच्यावरून उठतं, राउटरकडून नुसता आयपी घेतं आणि आत लिहिलेल्या पत्त्यावरून थेट फॉगच्या मेन्यूत जातं. राउटरला हात नाही, ऑप्शन ६६-६७ नाहीत, टीएफटीपी नाही. तरी नोंदणी, लावलेली कामं, मल्टिकास्ट हे सगळं पीएक्सईसारखं. दोन मर्यादा आहेत. आयपीएक्सईला कार्ड ओळखता यायला हवं, आणि सिक्युअर बूट (फक्त मान्यताप्राप्त सही असलेल्या बूट फाइलीच चालू देणारं फर्मवेअरचं सेटिंग) बहुधा बंद करावं लागतं. ज्या मशीनची डिस्क बिटलॉकरने (विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनने) कुलूपबंद आहे तिथे सिक्युअर बूटला हात लावण्याआधी रिकव्हरी की हाताशी ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी विंडोज तीच मागून अडून बसेल.

माझ्या कामात वाटणी अशी पडली आहे. एकाच मॉडेलची, लॅन पोर्ट असलेली, जागेवर पक्की बसवलेली मशीन आणि हाताखालचं नेटवर्क: पीएक्सई. दुसऱ्याच्या इमारतीत, दुसऱ्याच्या राउटरवर दोन दिवसांचं काम: आयपीएक्सईचा पेन ड्राइव्ह. एखाददुसरं बिघडलेलं मशीन किंवा डोंगलवाले लॅपटॉप: क्लोनझिला लाइव्ह.

आणि जिथे खरोखरच नेटवर्क नाही, तिथेच इमेज पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर न्यायची. तेव्हा मात्र यूएसबीचा वेग मोजावा लागतो. शिवाय एफएटी३२ वर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल बसत नाही. मायक्रोसॉफ्टच्या इमेज फाइली याहून सहज मोठ्या होतात. त्या तोडून ठेवाव्या लागतात किंवा बूटसाठी एफएटी३२ आणि इमेजसाठी एनटीएफएस अशी दोन पार्टिशन करावी लागतात. मी दोन पार्टिशन करतो.